तुम्ही हे काम केलं नाही तर काय होईल?

उद्योगाच्या आयुष्यातल्या प्रत्येक मोठ्या बदलामागे एक धाडसी निर्णय असतो. आमच्या कंपनीतल्या बदलामागे एक पानी फॉर्म होता. झेरॉक्सवाल्याने तो पहिल्यांदा खालून दोन इंच कापूनच आणला, त्यामुळे धाडस दोन दिवस लांबलं.

कंपनी म्हणजे भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतले एकाला एक लागून असलेले तीन गाळे. पहिल्यात स्टीलचा पत्रा येतो आणि प्रेस मशीनखाली त्याचे डबे होतात. दुसऱ्यात पॉलिश. तिसऱ्यात तपासणी आणि पॅकिंग. या तिसऱ्या गाळ्यात खिडकीजवळच्या टेबलाशी मी एकवीस वर्षं बसलो. लग्नाकार्यात कोणी विचारलं की मी ‘क्वालिटीला आहे’ असं सांगायचो. प्रत्यक्षात मी झाकणं तपासायचो.

काम असं. झाकण लावायचं, डबा झाकणाला धरून उचलायचा आणि मनात पाच आकडे मोजायचे. पाचाच्या आत डबा निसटला तर झाकण सैल. पाच झाल्यावर अंगठ्याच्या एका दाबात उघडलं नाही तर घट्ट. दोन्ही परत प्रेसकडे. हे मला शेठजींनी स्वतः शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी, उभ्या उभ्या. “प्रवासात उघडता कामा नये आणि सासूबाईंना उघडता आलं पाहिजे. बस. एवढीच आपली कंपनी आहे,” ते म्हणाले होते. पुढे मी कंपन्यांच्या ध्येयधोरणांबद्दल बरंच वाचलं, पण याहून नेमकं काही सापडलं नाही.

वाचलं ते बहुतेक रद्दीत. डबे गुंडाळायला किलोने रद्दी यायची आणि गुंडाळण्याआधी मी ती वाचायचो. माझं अर्धं वाचन डब्यांबरोबर गिऱ्हाइकांच्या घरी गेलेलं आहे. त्यावरून मला सगळे मास्तर म्हणू लागले. कोणाला बँकेचा अर्ज लिहायचा असो, शाळेच्या दाखल्याचा की पोलिसात मोबाइल हरवल्याचा, तो मास्तरकडे. ही सवय पुढे किती अंगाशी येणार होती, याची कोणाला कल्पना नव्हती.

मग लोक काचेचे आणि प्लास्टिकचे डबे घेऊ लागले, तेही घरबसल्या. वसाहतीतले गाळे एकेक करून मिटू लागले. आमच्या समोरच्या गाळ्यात वीस वर्षं पॉलिशच्या मोटारी घरघरायच्या. एका सोमवारी आलो तर शांतता. बोर्ड निघालेला, आत खोक्यांच्या थप्प्या आणि पाठीवर पिशव्या अडकवलेली माणसं त्यांतून पार्सलं उचलून मोटारसायकलवरून पळत होती. आदल्या शनिवारी त्या गाळ्याच्या मालकाने मला हात केला होता, नेहमीसारखा. त्या दिवसापासून कोणी नेहमीसारखा हात केला की मी आधी त्याच्या गाळ्याचा बोर्ड बघून घ्यायचो.

शेठजींनी दिवाळीत कंपनी मुलाच्या नावावर केली. आम्ही त्यांना छोटे शेठ म्हणायचो. ते मॅनेजमेंट शिकून आले होते आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून त्यांनी अंधेरीहून एक सल्लागार आणला. त्याच्या कोटाचं बटण लागत नव्हतं. कोट तसाच शिवलेला असतो, हे मला नंतर कळलं.

पहिलं काम म्हणजे आम्हा चाळीस जणांना मिनीबसमधून उत्तनच्या एका रिसॉर्टवर नेण्यात आलं. मोरवा मागे पडलं, डोंगरीच्या चढावर बस धापा टाकू लागली तरी बसमध्ये कोणी गाणं म्हणत नव्हतं. चाळीस माणसं समुद्राकडे चालली आहेत आणि कोणी भेंड्या लावत नाही, असं मी तोवर पाहिलं नव्हतं.

हॉलमध्ये पडद्यावर सुरवंट आणि फुलपाखरू होतं. कोशात गेलेला सुरवंट थेट फुलपाखरू होत नाही, आधी पार विरघळतो, हे सल्लागाराने इतक्या आनंदाने सांगितलं की सगळे गार झाले. पुढच्या रांगेतला मार्केटिंगचा साहेब तेवढा मान डोलवत होता, वहीत इंग्रजीत लिहून घेत होता.

“चेंज से कौन डरता है?” सल्लागाराने विचारलं. “ऑनेस्टली. हाथ ऊपर!”

एकही हात वर झाला नाही.

“एक्सलंट!” तो म्हणाला.

माझ्या शेजारी प्रेस मशीनवरचा कारागीर बसला होता. मूळचा मराठवाड्यातला, रोज सकाळी गाळ्यात शिरताना सगळ्यांना जय भीम घालणारा, चार माणसांचं हसू एकटा हसणारा. त्याने माझ्या कानाशी तोंड आणलं.

“मास्तर, हात वर केला असता तर काय झालं असतं?”

“यादीत पहिलं नाव लागलं असतं.”

“आन् आता?”

“आता कोणाचं लागेल ते माहीत नाही.”

पुढच्या चित्रात नुसते दोन आकडे होते. चाळीस, मग एक बाण, मग छत्तीस. सल्लागार घाईने पुढे गेला, जणू चुकून दुसऱ्याच कोणाचं चित्र आलं होतं. पण आम्ही आकडे वाचू शकणारी माणसं होतो. दारात उत्तनचीच एक बाई, तिथलं जेवण बघणारी, पदराला हात पुसत उभी होती. “जेवण तयार हाय,” तिने मला हळूच विचारलं, “यांचा संपला का न्हाय अजून?” मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, “थंड करून खातील.” ती त्या दिवशीची एकमेव सल्ला देणारी व्यक्ती, जिचं म्हणणं खरं ठरलं.

निघताना फॉर्म वाटले. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत तासातासाचे रकाने, तुम्ही काय करता ते लिहा. आणि सगळ्यात खाली एक प्रश्न: तुम्ही हे काम केलं नाही तर काय होईल? पहिल्यांदा झेरॉक्समध्ये जे दोन इंच कापले गेले होते, ते हेच. मला अजूनही वाटतं, झेरॉक्सवाला आमच्या बाजूचा होता.

आठ दिवसांची मुदत होती. दुसऱ्या दिवशी मी टेबलाशी बसलो, डबा उचलला आणि मोजू लागलो. एक, दोन, तीन, चार, छत्तीस. पुन्हा मोजलं. मी त्रेपन्न वर्षांचा होतो. मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. भाईंदरमध्ये झाकणं तपासणाऱ्या त्रेपन्न वर्षांच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? पार्सलवाल्यांकडे मोटारसायकल चालवावी लागते, आणि मला सायकलही धड येत नाही.

जेवणाच्या सुट्टीत प्रेसवाला आला. हातात घडी घातलेला फॉर्म.

“मास्तर, बोलायला सांगा, दिवसभर बोलतो. हे लिहायचं म्हटलं की हात गार पडतोय.”

“सांगा. तुम्ही नसलात तर काय होईल?”

“काय व्हायचंय? दुसरा बसंल की मशीनवर.”

“असं नाही लिहायचं.”

“मग?”

मी लिहिलं: डायचा साचा बसवताना केसभर फरक पडला तर हजार झाकणं भंगारात जातील. त्याने ते दोनदा वाचलं.

“असं होतं व्हय?”

“तुम्ही आहात म्हणून होत नाही.”

तो गेला तो ताठ चालत गेला. झालं. संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशी रांग लागली. पॅकिंगच्या मावशी सगळ्यांच्या पुढे घुसल्या. कोकणातल्या, तोंडाने फटकळ.

“माझं काय लिवशील? कागद गुंडाळते, खोक्यात टाकते.”

मी लिहिलं: ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी डब्याला होणारा शेवटचा मानवी स्पर्श. वाचून दाखवलं.

“मेल्या, शेवटचा स्पर्श काय? मी जिवंत आहे अजून!”

“मावशी, साहेबांना असंच लागतं.”

“मग लिव. पण देवाची माफी माग आधी.”

पॉलिशवाले, डिलिव्हरीचा ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन, सगळे आले. मी लिहीत गेलो. कोणाशिवाय आग लागणार होती, कोणाशिवाय कंपनीचा नावलौकिक बुडणार होता. इतकी अपरिहार्य माणसं एका कंपनीत असू शकतात, यावर एरवी मीही विश्वास ठेवला नसता. पण त्यांचे चेहरे समोर होते. वॉचमन रोज हसतमुख असायचा. तो म्हणाला, “मास्तर, कुछ भी लिखो, पर ऐसा लिखो कि निकालने से पहले दो मिनट सोचें.” त्यानंतर मला हसू आलं नाही.

त्या आठ दिवसांत पॉलिशहून येणाऱ्या प्रत्येक डब्यावर बोटांचे ठसे असायचे. चकाकत्या स्टीलवर घामट हात लगेच उमटतो. मावशी पुसून पुसून वैतागल्या. “आज सगळ्यांचे हात रडतायत,” त्या म्हणाल्या. माझ्या टेबलावरून गेलेल्या डब्यांवरही ठसे होतेच. मी मान खाली घालून मोजत राहिलो.

मुदतीच्या आदल्या दिवशी दुपारी शेठजींनी केबिनमध्ये बोलावलं.

“मास्तर, दरवाजा लाव.”

मी लावला. मला वाटलं, नाव आलं, आणि निदान सांगायचं काम जुन्या माणसाकडे दिलंय. शेठजींनी खण उघडला आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. तोच फॉर्म. कोरा नव्हता. नऊसमोर ‘अगरबत्ती’, दहासमोर ‘चाय’. पुढे काही नाही.

“तुम्हाला पण दिला?”

“तो कोटवाला बोलतो, वरपासून खालीपर्यंत सगळ्यांनी भरायचा. छोकरा बोलला, पप्पा, तुम्ही भरला तर लोकांना बरं वाटेल.” त्यांनी चष्मा पुसला, घातला, परत काढला. “अकरा वाजता मी काय करतो रे?”

“गाळ्यांतून फिरता.”

“ते काम आहे?”

मी फॉर्म उचलून जवळ धरला.

“आणि हे शेवटचं बघ. मी नाय केलं तर काय होईल?” ते हसायला गेले, पण जमलं नाही. “मागच्या साली मी पंधरा दिवस आजारी होतो. आठवतं? वरसातला सगळ्यात जास्त माल त्या पंधरा दिवसांत गेला. हे मी कसं लिहू?”

“नका लिहू.”

“मला घरी बसवतील, मास्तर. घरी कोण आहे? छोकरा इथे, सून ऑफिसला. मी, टीव्ही आणि ती कामवाली. कामवाली पण मला सांगते, बाबा, पाय वर घ्या.”

शेठजींना घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. एकवीस वर्षं मी त्यांना घाबरलो होतो आणि माझा समज असा होता की भीती एकाच दिशेने वाहते, पाण्यासारखी, वरून खाली. ती केबिनमध्येही साठून होती.

मी पेन घेतलं. अकराच्या रकान्यात लिहिलं: झाकणांची तपासणी. बारासमोर तेच, दोनसमोर तेच, संध्याकाळपर्यंत तेच. शेवटच्या प्रश्नासमोर लिहिलं: प्रवासात डबा उघडेल आणि सासूबाईंना उघडणार नाही. अर्थात साहेबांना लागतं तशा भाषेत.

शेठजींनी वाचलं. “पण हे तर तुझं काम.”

“तुम्हीच शिकवलंय.”

“आणि तुझ्यात काय लिहिशील?”

“लिहीन काहीतरी.”

यात मोठेपणा नव्हता. पेन हातात होतं, समोरचा माणूस माझ्या उत्तराकडे बघत होता, आणि कंपनीतलं एवढं एकच काम मला खात्रीने वर्णन करता येत होतं. बाहेर येऊन टेबलाशी बसल्यावर कळलं की मी काय केलं. डब्यावर माझे पाचही ठसे स्वच्छ उमटले.

मुदतीच्या दिवशी, फॉर्म गोळा व्हायला अर्धा तास असताना, मी माझा समोर घेतला. झाकणं लिहिता येत नव्हती. ती शेठजींची झाली होती आणि एकाच कामावर दोन नावं दिसली तर त्यातलं कोणतं खोडणार, हे सांगायला सल्लागार लागत नव्हता. मग उरलं काय? गेल्या आठ दिवसांत मी खरोखर जे केलं होतं, ते सगळ्या रकान्यांवर आडवं लिहिलं: इतर सगळे काय करतात ते पाहतो आणि लिहून ठेवतो. शेवटच्या प्रश्नासमोर लिहिलं: माहीत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले.

“अहो, सगळ्या गावाचे फॉर्म पान भरभरून लिहिलेत, आणि स्वतःचा दीड ओळीत?”

“जागा उरली होती, पण शब्द संपले होते.”

“उद्या काढलं तर हेच वाक्य सांगा मुलीला. फीच्या ऐवजी.”

ती चिडली नव्हती, घाबरली होती. चिडली असती तर भाजी निवडायचं थांबली नसती.

पुढचे दिवस मी मोजले नाहीत, कारण मोजायला लागलं की छत्तीसच यायचे. मग एका शुक्रवारी तिसऱ्या गाळ्यात एक मोठा तक्ता टांगला गेला, लाल सॅटिनने झाकलेला. खाली टेबल, टेबलावर नारळ. कंपनीत पहिल्यांदाच नारळ समोर असून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. अनावरण चार वाजता होणार होतं. तीन वाजता मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं.

टेबलापासून केबिनपर्यंत प्रेसवाला माझ्या बरोबर चालला. दारापाशी त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो हात ओला होता.

आत शेठजींच्या खुर्चीत सल्लागार बसला होता. छोटे शेठ बाजूला उभे. टेबलावर फॉर्मचा गठ्ठा. सल्लागाराने एकेक फॉर्म पत्त्यांसारखा माझ्यापुढे मांडायला सुरुवात केली. प्रेसवाला, मावशी, वॉचमन, ड्रायव्हर. आणि तेव्हा, आठ दिवसांत एकदाही न सुचलेली गोष्ट मला दिसली. सगळं एकाच अक्षरात होतं. तोच तिरका ‘र’, तीच लांब वेलांटी. छत्तीस फॉर्म, एक हात. आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नव्हतं, कारण आमच्याकडे अर्ज असाच लिहितात. अर्ज ज्याचा त्याचा असतो, अक्षर मास्तरचं.

“ये सब आपकी हैंडराइटिंग है?”

“हो,” मी म्हणालो.

“शेठजी का भी?”

मी छोट्या शेठकडे पाहिलं. ते चपलेकडे पाहत होते. “हो.”

शेवटी त्याने माझा फॉर्म ठेवला, वाचला, आणि टेबलावर हात आपटला. मी डोळे मिटले.

“देखा?” तो छोट्या शेठना म्हणाला. “पूरी कंपनी की प्रोसेस मॅपिंग! हर आदमी का काम, हर रिस्क, लिखित में. और ये आदमी खुद क्या लिखता है? डेढ़ लाइन! मैं छह महीने का प्रोजेक्ट देने वाला था इसके लिए.”

मी डोळे उघडले. छोटे शेठ माझ्याकडे असे पाहत होते, जसे आपण घरातल्या जुन्या कपाटामागे सापडलेल्या दाराकडे पाहू.

“काका, आधी सांगायचं ना,” ते म्हणाले.

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. मग मुलीची फी आठवली आणि ते मिटलं. हा माझ्या आयुष्यातला एकमेव धाडसी व्यावसायिक निर्णय.

चार वाजता सॅटिन खिळ्याला अडकलं. मावशींनी स्टुलावर चढून ते फाडून काढलं. तक्त्यावर छत्तीस चौकोन होते. प्रेसवाला होता, वॉचमन होता, मावशी होत्या. गेले ते चौघे, ज्यांनी आपापले फॉर्म स्वतः, स्वच्छ इंग्रजीत लिहिले होते. त्यांत मार्केटिंगचा साहेब होता. शेवटच्या प्रश्नासमोर त्याने लिहिलं होतं म्हणे, की काही दिवस अडचण होईल, मग दुसरं कोणीतरी ते काम शिकेल. त्या चाळीस उत्तरांत खरं असं बहुधा ते एकच होतं. त्याने संध्याकाळी सगळ्यांना हात केला, नेहमीसारखा. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

ते चौघे नेमके कसे निवडले गेले, हे मला अजून माहीत नाही. विचारायची हिंमत झालेली नाही. सल्लागाराची गाडी वसाहतीत शिरली की माझे हात अजून ओले होतात, आणि ती दर तीन महिन्यांनी शिरते, नव्या फॉर्मसकट. छत्तीसही मीच भरतो.

माझा चौकोन तक्त्यात वरून दुसरा आहे. गुणवत्ता प्रमुख. माझ्या चौकोनाखाली एक बाण जातो आणि तो झाकण तपासणीच्या चौकोनात संपतो. तिथे शेठजींचं नाव आहे. ते सोमवारी नऊला आले, घरून आणलेली उशी माझ्या जुन्या खुर्चीवर ठेवली आणि खिडकीजवळ बसले. झाकण लावतात, डबा उचलतात, ओठ हलवत मोजतात. माझ्यापेक्षा सावकाश, पण चूक नाही. पहिल्या दिवशी मी टेबलाजवळून गेलो तेव्हा ते अर्धवट उठले. मीही दचकून मागे सरलो. दोघांनाही काय करायचं ते कळलं नाही, म्हणून दोघेही डब्याकडे पाहत राहिलो.

रजा आता मोबाइलच्या ॲपवर मागायची असते. मागच्या महिन्यात शेठजींनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस मागितले. मी मंजूरचं बटण दाबलं. ॲपने दोनच दिवस दिले. ते अजून प्रोबेशनवर आहेत.